नवा फुल-फ्रेम नेमका कोणासाठी? सोलापूरच्या एका स्टुडिओवाल्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात वडिलांचा स्टुडिओ आहे, निकॉन डी-७५० या जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यावर बरीच वर्षं लग्नं केली, आता निकॉनचाच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, झेड-५ टू घ्यायचा विचार आहे. कंपनी त्याला ‘पहिला फुल-फ्रेम’ म्हणते, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या मोठ्या सेन्सरचा पहिला कॅमेरा. नव्या पेठेतला दुकानदार ‘लग्नासाठी यापुढे काही लागत नाही’ म्हणतो. यूट्यूबवर ऐकलंत की हा निकॉनच्याच वरच्या पायरीवरच्या झेड-६ थ्रीला मागे टाकतो. मग बाजारात याची खरी जागा कोणती, आणि आपल्या कामात ती बसते का?

थेट उत्तर आधी देतो. फोटोवर पोट असणाऱ्यासाठी झेड-५ टू पूर्ण कामाचा आहे आणि व्हिडिओवर पोट असणाऱ्यासाठी अर्धाच. तुमच्या ऑर्डरमध्ये अल्बमचा पैसा मोठा असेल तर घ्या. सिनेमॅटिकचा मोठा असेल तर थांबा. असं का, ते जाहिरातीतून कळत नाही आणि काउंटरवर उभ्या उभ्या तर मुळीच नाही, म्हणून लांबण लावतो.

कॅमेऱ्याची जागा ओळखायची माझी पद्धत एकच आहे. कंपनीने काय काय दिलं ती यादी बाजूला ठेवायची आणि काय राखून ठेवलं ते शोधायचं. स्वस्त बॉडीत घालता येईल असं बरंच काही कंपनीकडे तयार असतं. ते मुद्दाम घातलं जात नाही, कारण घातलं तर वरची बॉडी कोणी घेणार नाही. त्या राखून ठेवलेल्या दोन-तीन गोष्टी आपल्या रोजच्या कामाच्या आड येतात का, एवढं गिऱ्हाइकाने तपासलं की निम्मा प्रश्न सुटतो.

ही राखून ठेवण्याची रीत कशी पडली ते थोडं मागे जाऊन बघा. ऑक्टोबर २०१३ मध्ये सोनीने ए-७ आणला, अमेरिकेत १,७०० डॉलरला. फुल-फ्रेम मिररलेसचा बाजार तिथून सुरू झाला. त्यात कार्डाचा एकच स्लॉट होता, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) नव्हतं आणि बॅटरी इतकी छोटी की लग्नाला खिसाभर बॅटऱ्या न्याव्या लागत. झेड-५ टू एप्रिल २०२५ मध्ये आला, तोही अमेरिकेत १,७०० डॉलरलाच. त्याच आकड्यात आता दोन कार्ड स्लॉट, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आणि डोळा धरून ठेवणारं ऑटोफोकस मिळतं. किंमत तिथेच राहिली आणि त्या किमतीत काय मिळायला हवं याची अपेक्षा वर सरकली.

ही अपेक्षा वर सरकवण्यात लग्नवाल्यांचा मोठा हात आहे, हे मला आवर्जून सांगायचंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये सोनीचा ए-७ थ्री आला तेव्हा २,००० डॉलरच्या बॉडीत दोन स्लॉट, मोठी बॅटरी आणि सेकंदाला १० फ्रेम होत्या. त्याच वर्षी टॅमरॉन या लेन्स कंपनीने सोनीसाठी २८-७५ एफ/२.८ लेन्स काढली (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), वजन जेमतेम ५५० ग्रॅम आणि किंमत कंपनीच्या लेन्सच्या मानाने खूपच कमी. या जोडीने लग्नाच्या बाजारात मोठी मुसंडी मारली. निकॉनचा झेड-६ आणि कॅननचा ईओएस-आर त्याच वर्षी आले, दोघेही फोटोला उत्तम, पण दोघांत स्लॉट एकच. आयुष्यात एकदाच लागणाऱ्या अक्षता एकाच कार्डावर ठेवायला कोणता फोटोग्राफर धजावेल? २०२० मध्ये कॅननने आर-६ मध्ये आणि निकॉनने झेड-६ टूमध्ये दुसरा स्लॉट दिला, तो या मागणीपुढे मान तुकवून.

याच्या मागे एक मोठं गणितही आहे. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. मोबाइलने छोटे कॅमेरे खाल्ले. उरलेल्या बाजारात कंपन्या जगतात त्या महागड्या बॉडीवर, आणि त्याहून जास्त लेन्सवर. म्हणून ‘पहिला फुल-फ्रेम’ म्हणून जी बॉडी विकली जाते ती स्वस्त ठेवायला कंपनीला परवडतं. माणूस एकदा त्या माउंटवर, म्हणजे त्या कंपनीच्या लेन्स बसायच्या कडीवर, आला की पुढची कित्येक वर्षं लेन्स तिथलीच घेणार, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा नाही. आपण फक्त तो लक्षात ठेवून खरेदी करायची.

आता राखून ठेवण्याच्या तीन कंपन्यांच्या तीन तऱ्हा बघा, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची जागा आपोआप दिसेल. सोनी पिढीवर भेद करते. जुनं मॉडेल बंद न करता स्वस्त करून विकत राहते, त्यामुळे खालच्या पायरीवर सोनीचा उमेदवार बहुतेक वेळा मागच्या पिढीचा असतो. कॅनन बॉडीवर भेद करते. २०२३ चा आर-८ घ्या. सेन्सर आर-६ मार्क टूच्याच तोडीचा, २४.२ मेगापिक्सेलचा. ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेमचा ४के व्हिडिओ) पूर्ण रुंदीत आणि किंमत १,५०० डॉलर. पण स्लॉट एक, बॅटरी छोटी, बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि पूर्ण मेकॅनिकल शटरही नाही. म्हणजे चित्र वरच्या दर्जाचं आणि ते सांभाळायची व्यवस्था खालच्या दर्जाची. व्हिडिओवाल्याला, फिरणाऱ्याला तो चालतो. लग्नवाल्याने एकटी बॉडी म्हणून तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

निकॉनने झेड-५ टूमध्ये भेद केला तो सेन्सरवर. बॉडी भक्कम दिली, दोन्ही स्लॉट वेगवान यूएचएस-टू एसडी कार्डाचे दिले. निकॉनच्या वरच्या झेड-९ आणि झेड-८ मध्ये आलेला एक्स्पीड-७ प्रोसेसर दिला आणि त्याच्याबरोबर येणारं माणूस, डोळा, पक्षी, गाडी ओळखणारं ऑटोफोकसही दिलं. व्ह्यूफाइंडर ३,००० निट्सपर्यंत (निट म्हणजे पडद्याच्या उजळपणाचं एकक) उजळ होतो. हाताळणीत हातचं काही राखलेलं नाही. राखला तो सेन्सर. २४.५ मेगापिक्सेलचा हा बीएसआय (उजेड जास्त टिपणाऱ्या रचनेचा) सेन्सर चांगला आहे, सिद्ध झालेला आहे, पण जुन्या वळणाचा आहे. झेड-६ थ्रीला ‘पार्शियली स्टॅक्ड’ सेन्सर मिळाला, जो कंपनीच्याच म्हणण्यानुसार झेड-६ टूपेक्षा साडेतीन पट वेगाने वाचला जातो. अमेरिकेत दोन्ही बॉडी बाजारात आल्या तेव्हाच्या किमतींतला ८०० डॉलरचा फरक मुख्यतः त्या वेगाचा होता. आपल्याकडेही झेड-५ टू दीड लाखाच्या आसपास आणि झेड-६ थ्री अडीच लाखांच्या घरात गेला, तो त्याच कारणाने.

म्हणून यूट्यूबवरचं वाक्य अर्धं बरोबर आहे. स्थिर फोटोत दोघांचे निकाल शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही. अंधारात सावल्या उचलल्या तर काही वेळा संथ सेन्सरचीच फाइल स्वच्छ निघते. पण वेग जिथे लागतो तिथे झेड-५ टू मागे पडतो, आणि सोलापूरच्या लग्नात वेग कुठे लागतो ते मी तपशिलाने सांगतो.

पहिली जागा म्हणजे स्लो मोशन. झेड-५ टूमध्ये ४के ३० पर्यंत सेन्सरची पूर्ण रुंदी मिळते. ४के ५० किंवा ६० ला गेलात की चित्र दीडपट कापलं जातं. म्हणजे २४ मिलिमीटरची लेन्स ३६ सारखी वागते. मोठ्या लॉनवर नवरीच्या एंट्रीला याने बिघडत नाही, तुम्ही चार पावलं मागे जाल. पण हळद घरात असते. भवानी पेठेतल्या किंवा अशोक चौकाच्या मागच्या घरात खोलीभर बायका बसलेल्या, पाट मधोमध, आणि तुमची पाठ भिंतीला टेकलेली. तिथे ३६ चा कोन पुरत नाही. सोळा-सतराची रुंद लेन्स वेगळी घ्यावी लागते, म्हणजे बॉडीत वाचवलेले पैसे तिकडे गेले. झेड-६ थ्री हेच ४के ६० पूर्ण रुंदीत देतो. व्हिडिओवाल्याने थांबावं असं मी म्हणालो, त्याचं सर्वांत मोठं कारण हे.

दुसरी जागा एलईडीची. आता बहुतेक कार्यालयांत स्टेजमागे एलईडी वॉल असते आणि छताला स्वस्त एलईडी. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की संथ सेन्सर ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात दिवा कित्येकदा लुकलुकून जातो, आणि नवरीच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. ते नंतर फोटोशॉपमध्ये नीट निघत नाहीत. यावर उपाय सोपा आहे: कार्यालयात मेकॅनिकल शटरच वापरा, ११ फ्रेम प्रतिसेकंद तरी मिळतातच, सायलेंटचा मोह टाळा. मंगलाष्टकांच्या आणि बॅंडच्या आवाजात शटरचा आवाज कोणाला ऐकू जातो? व्हिडिओ २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा आणि शटर ५० च्या पटीत, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० किंवा ६० वर ठेवून नंतर ‘लाइट फडफडतोय’ म्हणणारे बरेच जण मला भेटतात. शटर आणि विजेचा मेळ बसवला की ती फडफड बहुतांशी जाते.

तिसरी गोष्ट राखून ठेवलेली नाही, पण आपल्या गावाने ती महत्त्वाची केली आहे. ऊन. कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची वरची मर्यादा ४० अंश छापलेली असते, सगळ्याच मोठ्या कंपन्यांची साधारण तेवढीच. आणि आपल्याकडे मे महिन्यात, भर लग्नसराईत, पारा ४० च्या वर जातो. म्हणजे दुपारची वरात तुम्ही कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर शूट करताय. फोटोला त्याने सहसा अडचण येत नाही, पण सलग ४के व्हिडिओ चालू ठेवला की बॉडी तापते. स्क्रीन उघडून बाजूला वळवा, म्हणजे मागची उष्णता निघायला वाट मिळते. दोन शॉटच्या मध्ये कॅमेऱ्यावर पांढरा टॉवेल टाका, तो तर आपल्या गावात घरोघरी आहे. काळी बॉडी उन्हात मांडवाच्या खुर्चीवर ठेवून जेवायला जाऊ नका. व्हिडिओच मुख्य असेल आणि तोही उन्हातला, तर पॅनासॉनिकचा एस-५ टू जरूर हाताळून बघा. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या त्या बॉडीत आत पंखा बसवलेला आहे. आपल्या हवेत त्या एका गोष्टीला जी किंमत आहे ती थंड देशातल्या परीक्षकाला कळणार नाही.

आता चांगल्या बाजूकडे येतो, कारण ती खरोखर मोठी आहे. डी-७५० वरून येणाऱ्याला सर्वांत जास्त फरक जाणवेल तो ऑटोफोकसमध्ये. मुंडावळ्यांचे मणी डोळ्यांसमोर डुलत असले की जुनं ऑटोफोकस मण्यावर अडकायचं आणि डोळे मऊ यायचे. आपण मधला पॉइंट धरून, श्वास रोखून, चार फ्रेम जास्त मारायचो. नव्या पद्धतीत कॅमेरा आधी माणूस ओळखतो, मग चेहरा, मग डोळा, आणि मण्यामागे डोळा आहे हे बहुतेक वेळा धरून ठेवतो. अंतरपाट खाली येताना नवरीचा अर्धाच चेहरा दिसतो, तेव्हाही. तेलुगू घरातलं लग्न पहाटेच्या मुहूर्तावर असलं, की जिलकर-बेल्लमच्या (जिरं-गुळाच्या विधीच्या) क्षणी दोघांचे हात एकमेकांच्या डोक्यावर, चेहरे खाली, भोवती नातेवाइकांची गर्दी आणि उजेड पिवळा. त्या एका मिनिटासाठी आपल्याला बोलावलेलं असतं. तिथे हा कॅमेरा पैसे वसूल करतो. फक्त किती अंधारात फोकस होतो ते सांगणारा ‘उणे १० ईव्ही’ हा जाहिरातीतला आकडा एफ/१.२ लेन्स लावून मोजलेला आहे, हे ध्यानात ठेवा. एफ/४ ची लेन्स लावून तेवढ्याच अंधारात तसंच फोकस होईल असं समजू नका.

उजेडातही फायदा आहे. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात तेव्हा समोर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, दुपारचं ऊन, आणि नंदीध्वज सरळ आभाळात गेलेले. जुना मीटर पांढऱ्याला घाबरून फोटो करडा करतो, म्हणून आपण अंदाजाने एक-दीड स्टॉप वर न्यायचो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढण्याआधीच दिसतं की कपडा कुठे फुटतोय. पण तो व्ह्यूफाइंडर उन्हात डोळ्याला दिसला पाहिजे. तो ३,००० निट्सचा आकडा मी महत्त्वाचा मानतो तो याच साठी. हौशी माणसाला, डॉक्टर-वकील मंडळींना, शनिवारी नान्नजच्या माळावर जाणाऱ्यांना हा कॅमेरा पसंत पडेल तोही अशा गोष्टींसाठी. माळढोक अभयारण्यात नियमित पक्षी काढणाऱ्याने मात्र फुल-फ्रेमचा हट्ट सोडून झेड-५० टू आणि १८०-६०० लेन्सचा विचार करावा. छोट्या सेन्सरमुळे पक्षी दीडपट जवळ येतो आणि पैसा लेन्सकडे वळतो.

मेगापिक्सेलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात कोणीतरी नक्की म्हणेल की ‘आता २४ ला कोण विचारतं, सोनी ३३ देते, कॅननचा नवा आर-६ मार्क थ्री ३२ देतो.’ तेव्हा हा हिशेब करा. झेड-५ टूची फाइल ६,०४८ बाय ४,०३२ पिक्सेलची असते. आपला करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे एक पान १२ बाय १८. ते पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला ५,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. एका फोटोत पूर्ण पान, वर कापायला थोडी जागा. दोन पानांवर पसरलेला एकच फोटो घेतलात तर १६८ डीपीआयच्या आसपास उरतो, आणि मांडीवर ठेवून अल्बम बघणाऱ्या डोळ्याला तेवढा पुरतो. लग्नाच्या कामात २४ मेगापिक्सेल इतकी वर्षं टिकून आहे ते या अल्बमच्या मापामुळे. त्यापुढे मोठी फाइल म्हणजे मोठी कार्डं, मोठ्या हार्डडिस्क आणि मिक्सिंग करणाऱ्या मुलाचा जास्त वेळ.

टॉवेल-चादरीचे आणि युनिफॉर्मचे कॅटलॉग करणाऱ्यांना मात्र मी वेगळं सांगतो, आणि तुमच्याकडेही हे काम येत असणारच. विणलेल्या कापडाचं बारीक टेक्स्चर आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकांत अडकली की मोअरे येतो, म्हणजे कापडावर नसलेले रंगीत लहरी पट्टे. कारखानदार तो नमुना परत पाठवतो, कारण परदेशी खरेदीदाराला तो कापडाचाच दोष वाटतो. पिक्सेल जितके विरळ तितका हा धोका साध्या विणीला जास्त. ४५ मेगापिक्सेलवर त्याच अंतरावरून तीच वीण बऱ्याचदा स्वच्छ येते. २४ वर काम करायचंच असेल तर अंतर किंवा कोन थोडा बदला, एफ/१३-एफ/१६ पर्यंत जा म्हणजे विवर्तनाने धार किंचित मऊ होते, आणि स्क्रीनवर पूर्ण मोठं करून तपासल्याशिवाय पुढचा नग मांडू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं कॅटलॉगचं काम तुमच्या उत्पन्नाचा मोठा भाग असेल, तर जास्त मेगापिक्सेलची बॉडी त्या कामापुरती भाड्याने आणा. एका खरेदीत दोन्ही कामं बसवायला जाऊ नका.

आता लेन्स. खरी किंमत इथे कळते, आणि तुमच्या बाबतीत इथेच अडेल. तुम्ही लिहिलंय की स्टुडिओत ५० एफ/१.८ डी, ८५ एफ/१.८ डी, ८०-२०० एफ/२.८ डी आणि २४-७० एफ/२.८ जी आहेत, ‘अडॅप्टर लावून सगळ्या चालतील’ असं दुकानदार म्हणाला. लेन्स बसेल हे खरं. पण निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही. ‘डी’ लेन्सना डी-७५० च्या बॉडीतली मोटर स्क्रूने फिरवायची. झेडवर त्या तिन्ही हाताने फोकस कराव्या लागतील. ऑटोफोकस चालेल फक्त २४-७० जीवर, कारण तिच्यात स्वतःची मोटर आहे. म्हणजे ज्या ऑटोफोकससाठी तुम्ही नवी बॉडी घेताय ते चारपैकी एकाच लेन्सवर मिळणार. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सवाल्यांना ही अडचण नाही, १९८७ पासूनच्या सगळ्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच आहे. सोलापुरातल्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटात ‘डी’ लेन्स भरपूर आहेत, म्हणून हा मुद्दा मी प्रत्येक निकॉनवाल्याला सांगतो.

तेव्हा बजेट बॉडीचं न धरता बॉडी आणि दोन लेन्सचं धरा. २४-५० ची किट लेन्स नको, ५० वर ती एफ/६.३ होते आणि संध्याकाळच्या मांडवात एफ/६.३ म्हणजे आयएसओ आभाळाला. निकॉनची झेड २४-७० एफ/२.८ एस सुंदर आहे, पण अमेरिकेत ती या बॉडीपेक्षा महाग, २,३०० डॉलरला आली होती. २८-७५ एफ/२.८ तिच्या जवळपास निम्म्या किमतीत येते आणि लग्नाच्या अल्बममध्ये मला तिची उणीव भासत नाही. तुमची २४-७० जी अडॅप्टरवर सध्या चालवली तर हाही खर्च वर्षभर पुढे जाईल. दुसरी लेन्स म्हणून २०२४ मध्ये आलेली ३५ एफ/१.४ किंवा ५० एफ/१.४ घ्या. अनुक्रमे ६०० आणि ५०० डॉलरला निघालेल्या या लेन्स याच बॉडीच्या गिऱ्हाइकासाठी आखलेल्या दिसतात. घरातल्या हळदीला ३५, मोकळ्यावर कॅन्डिडला ५०.

सोनीकडे जावं का? नव्याने सुरू करणाऱ्याला मी सोनी जरूर सुचवतो, कारण सोनीने ई-माउंट इतर कंपन्यांना २०११ पासूनच मोकळा केला आणि त्यामुळे टॅमरॉन, सिग्मा यांच्या परवडणाऱ्या लेन्सची रांग तिथे सर्वांत लांब आहे. वापरलेल्या लेन्सही सहज मिळतात. कॅननने फुल-फ्रेम आरएफ लेन्ससाठी बाहेरच्या कंपन्यांना बराच काळ दार बंद ठेवलं आहे, २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला वाट मिळाली ती एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, लेन्सपुरती. तुमच्या हाताला मात्र निकॉनची सवय आहे, फ्लॅश निकॉनचे आहेत, वडिलांनाही तोच मेनू येतो. दोन माणसांच्या स्टुडिओत दोघांच्या हातात एकच प्रणाली असणं हे फार मोठं भांडवल आहे, ते सहजी मोडू नका.

दुकानदाराशी बोलताना तीन गोष्टी सरळ विचारा. बिल जीएसटीचं पक्कं मिळणार का? कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, जानेवारी २०१९ च्या आधी तो २८ होता. दीड लाखाच्या बिलात कराचे सुमारे २२,९०० रुपये असतात. तुमच्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर ते इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतात. बिनबिलाचा माल दहा हजारांनी स्वस्त पडला तरी तुम्ही तोट्यातच. दुसरं, भारतातली कंपनीची वॉरंटी आहे का, आणि मोठी दुरुस्ती निघाली तर बॉडी पुण्या-मुंबईला जाऊन परत यायला किती दिवस लागतात? लग्नसराईत ती बॉडी नसली तर दुकानदार बदली देतो का, हे आधी ठरवून घ्या. बरेच जण देतात, विचारायला हवं. तिसरं, चार दिवस वापरायला द्या की, असं म्हणा. एखाद्या साखरपुड्याला न्या, तुमच्याच ओळखीच्या कार्यालयातल्या एलईडीखाली दोन्ही शटरने शंभर फ्रेम मारा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. माझं एवढं लिहिणं वाचण्यापेक्षा ते जास्त बोलेल.

दुकानदार ‘यापुढे काही लागत नाही’ म्हणतो त्यात त्याची लबाडी आहे असं मला वाटत नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक जण फोटोवालेच असतात आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. ‘पहिला फुल-फ्रेम’ या कंपनीच्या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. पहिल्या झेड-५ ला, २०२० च्या, तो शोभत होता: सेकंदाला साडेचार फ्रेम, ४के ला १.७ पटीने कापलेलं चित्र. झेड-५ टू त्या पायरीवर राहिलेला नाही. दोन माणसांच्या, अल्बमवर चालणाऱ्या स्टुडिओची मुख्य बॉडी ही त्याची जागा. भारतातल्या जिल्ह्याच्या गावांत असे स्टुडिओ असंख्य आहेत, आणि माझ्या मते या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा बाजार तोच आहे.

खरेदी नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान करा. त्या सुमारास कंपन्यांच्या सवलती असतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होण्याआधी हात बसायला थोडे दिवस मिळतात. सिनेमॅटिकचं काम सध्या बाहेरच्या मुलाला देता ना? तसंच चालू ठेवा. ते काम दोन हंगाम वाढत राहिलं, तर त्या वेळी स्वस्त झालेला झेड-६ थ्री दुसरी बॉडी म्हणून घ्या. लेन्स त्याच चालतील. डी-७५० ला गिऱ्हाईक आलं तरी एवढी लग्नसराई संपेपर्यंत देऊ नका. ८०-२०० त्याच्यावरच ऑटोफोकस करते, आणि वरातीत ती लागते.